माइकवाल्या भूपेंद्रची जीभ

म्हसावदचा भूपेंद्र पाटील जन्मला तेव्हा रडला नाही, त्याने प्रास्ताविक केलं, असं त्याचा बाप चुनीलाल सांगायचा. यात कौतुक कमी आणि वैताग जास्त. केळीच्या बागेत पाणी भरायला पाठवलं, तर हा बांधावर उभा राहून केळींनाच ‘उपस्थित मान्यवर’ म्हणायचा. शेवटी शेती धाकट्या भावाने, योगेंद्रने धरली आणि भूपेंद्रने माइक.

माइक त्याला लाभला. लग्न, साखरपुडा, सत्कार, काहीही असो, पंचक्रोशीत मांडव उभा राहिला की भूपेंद्र हजर. नवरदेवाचा मामा स्टेजवर यायच्या आत त्याच्यावर शेर तयार असायचा. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि भूपेंद्रला वाटायचं की लग्न आपल्यामुळेच लागलं. भटजीबुवा निमित्तमात्र.

मग नवनीतआप्पा वारले. गावातलं मोठं घर. उत्तरकार्याच्या, म्हणजे गंधमुक्तीच्या दिवशी मांडवात सगळा समाज जमला होता आणि श्रद्धांजलीचं सूत्रसंचालन अर्थातच भूपेंद्रकडे. पांढरा कुर्ता, पडलेला आवाज, सगळं जमून आलं होतं. आप्पा किती थोर, त्यांचा उभ्या आयुष्यात कुणाशी वाद म्हणून झाला नाही, हे सांगून झालं. आणि शेवटाकडे जीभ आपल्या नेहमीच्या वाटेला लागली.

“आपले लाडके आप्पा आज आपल्याला कायमचे सोडून गेले आहेत. त्याबद्दल जोरदार टाळ्यांनी त्यांचं अभिनंदन करूया.”

मागच्या दोघा-तिघांनी सवयीने टाळ्या वाजवल्यासुद्धा.

जेवणाच्या पंगती उठायच्या आत व्हिडिओ नंदुरबारपर्यंत पोचला होता. पुढच्या लग्नसराईत भूपेंद्रला कुणी बोलावेना. एकाने फोन केला तो फक्त “तुम्हीच का ते अभिनंदनवाले?” एवढं विचारायला.

भूपेंद्रने आधी दोष माइकला दिला. “आवाज फाटत होता, लोकांनी चुकीचं ऐकलं,” तो बायकोला म्हणाला.

मयूरी भाकरी थापत होती. “माइक चांगला व्हता, म्हनीसनच समदास्ले ऐकू उनं,” ती म्हणाली.

मग त्याने दोष साडेसातीला दिला. शनिवारी तेल वाहिलं. शनीनेही कार्यक्रम दिला नाही.

एका दुपारी मयूरी टीव्हीवर मालिका बघत होती, म्हणून त्याने आवाज बंद करून तो व्हिडिओ पुन्हा लावला. बाकीच्यांनी तो हजारदा पाहिला असेल. त्याने आत्तापर्यंत फक्त ऐकला होता. आवाज गेल्यावर त्याला एक माणूस दिसला. मयताच्या मांडवात वरातीत नाचल्यासारखे हात हलवणारा, आणि मधूनच कॅमेरा कुठे आहे ते बघणारा. पुढच्या रांगेत आप्पांच्या पत्नी शांतीबाई बसल्या होत्या. त्या मध्येच उठल्या, माइककडे हात केला. आणि त्या माणसाने हसऱ्या चेहऱ्याने, तळवा खाली दाबत, त्यांना बसवलं. थोड्या वेळाने त्या पुन्हा उठल्या. पुन्हा तसंच.

भूपेंद्रला हे आठवतही नव्हतं. ‘अभिनंदन’ निदान जिभेने केलं होतं. हे त्यानेच केलं होतं.

तो शांतीबाईंकडे गेला तोही माफीचं भाषण पाठ करून. “आदरणीय काकी,” त्याने सुरुवात केली.

“बठ. पहिले च्या पी,” त्या म्हणाल्या.

चहा होईपर्यंत तो गप्प बसला. मग म्हणाला, “काकी, त्या दिवशी तुम्हाले काय सांगनं व्हतं?”

शांतीबाईंनी बशी खाली ठेवली आणि सांगितलं. आप्पांचं आणि धाकट्या भावाचं, अजितचं, सामाईक विहिरीची मोटर जळाली त्यावरून चावडीवर, सगळ्यांदेखत भांडण झालं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. शेवटच्या दिवसांत आप्पा म्हणाले होते, “अजितले सांग, चूक मन्ही व्हती.” भांडण चारचौघांत झालं, तर निरोपही चारचौघांत द्यावा, असं शांतीबाईंना वाटलं. अजित आलाही होता. पण आप्पांचा कुणाशी वाद नव्हता, हे भूपेंद्रचं वाक्य ऐकलं आणि तो उठून निघून गेला.

भूपेंद्र तिथून थेट अजितकाकांच्या खळ्यात गेला. वाटेत त्याला तीन सुंदर सुरुवाती सुचल्या. दारात त्यातली एकही बाहेर आली नाही. “काकी बोलावतात,” तो म्हणाला. “आणि त्या दिवशी मी खोटं बोललो. भांडणाचं मला माहीत होतं.”

अजितकाकांनी त्याच्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि मोटरसायकलवर मागे बसले.

शांतीबाईंनी निरोप सांगितला. अजितकाका भिंतीकडे तोंड करून बसले होते. तसेच बसून म्हणाले, “मोटर मीच जाळी व्हती, वहिनी. कोरडी चालू ठेवी दिन्ही.” आणि ते रडायला लागले. शांतीबाईही रडल्या.

या प्रसंगाला चपखल बसेल असा एक शेर भूपेंद्रच्या अगदी ओठांवर आला होता. त्याने चहाचा घोट घेतला आणि तो गिळला. आयुष्यात गिळलेला पहिला शेर. घशात बराच वेळ टोचत राहिला.

हळूहळू कामं पुन्हा येऊ लागली, आधी गंधमुक्तीची, मग लग्नांची. आता तो आदल्या दिवशी त्या घरी जातो, ओट्यावर बसतो, कुणाला काय बोलायचंय ते विचारतो, आणि वेळ आली की माइक त्यांच्या हातात देतो. काही जण अडखळतात, काही नुसतेच उभे राहतात. तो मध्ये पडत नाही.

“भूपेंद्रभाऊमां आते पहिलेसारखी मजा ऱ्हायनी नही,” असं परवा एका वरबापाने सगळ्यांसमोर सांगितलं. भूपेंद्रला ते लागलं. घरी येऊन त्याने मयूरीला तासभर समजावून सांगितलं की आपल्याला ते कसं अजिबात लागलेलं नाही.