स्टिअरिंगची पिन

मंडळी, आज सकाळी तिलवाऱ्याच्या पुलावर माझ्या जुन्या पिकअपचं स्टिअरिंग हातात नुसतं गरगर फिरलं आणि गाडी कठड्यावर आदळली!

शनिवारीच ते गॅरेजातल्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतलं होतं. गाडी ओढत त्याच गॅरेजात नेली, मिस्त्रीची कॉलर धरली आणि दोन थोबाडीत ठेवून दिल्या. ओठ फुटला त्याचा.

तो तसाच गाडीखाली शिरला. "बाबूजी, पिन नहीं थी, इसलिए नट गिर गया. शायद मैं ही भूल गया. माफ करना." रक्त पुसत त्यानं नवा नट, नवी पिन लावली.

घरी रविवारी घातलेल्या पँटच्या खिशात जुनी पिन सापडली. फॅक्टरीत जन्मभर दुसऱ्यांचं काम तपासलं, म्हणून त्याचंही मीच खोलून पाहिलं होतं, अन् पिन परत लावायचीच राहिली.

उद्या ती पिन घेऊन त्याच्याकडे जाऊन राहिलो. त्यानं मला हाणलं, तर कोणी मध्ये पडू नका.