उत्तर ध्रुव, मुक्काम लातूर

उत्तर ध्रुवाबद्दल सगळं काही जाणणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे आणि तो लातुरात औसा रोडला राहतो. याबद्दल ध्रुवावरून अद्याप कुणाची तक्रार आलेली नाही. हे गृहस्थ म्हणजे माझे थोरले साडू. त्यांची सगळी नोकरी वीज कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेली आणि बर्फाशी संबंध आला तो फक्त उसाच्या रसाच्या ग्लासात. निवृत्त झाल्यावर ते दिवसभर स्वयंपाकघरात उभं राहून अक्काला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, फोडणी कशी द्यावी हे समजावू लागले. शेवटी त्यांच्या मुलीनं, मुक्तानं, त्यांना टीव्हीसमोर बसवून एक परदेशी मालिका लावून दिली. उत्तरेच्या बर्फातून वाट शोधायला निघालेली दोन इंग्रजी जहाजं बर्फात अडकतात आणि त्यांतला एकही माणूस परत येत नाही, अशी ती गोष्ट. गोष्ट खरी घडलेली. अक्काची फोडणी वाचली, पण आम्हा बाकीच्यांचं काही वाचलं नाही.

कारण आपण मालिका पाहतो, साडू ती तपासतात. रिमोट त्यांच्या हातात असतो आणि पडद्यावरचं माणूस दोन पावलं चाललं की त्याला थांबावं लागतं. मग साडू चूक सांगतात. कप्तानाची खोली एवढी मोठी नव्हती. कोटाची बटणं अशी नव्हती. जहाजात रेल्वेचं जुनं इंजिन बसवलं होतं, ते नीट दाखवलेलं नाही. यावर ते हमखास सांगणार की लातूरला रेल्वेनं निदान पाणी तरी आणलं, त्या बिचाऱ्यांच्या ती काही कामाला आली नाही. पहिल्याच भागात जहाजं बंदरातून निघतात तेव्हा धक्क्यावर एक म्हातारा, जहाज दिसेनासं झालं तरी, हात हालवत उभा असतो. या म्हाताऱ्यावर तर त्यांचा विशेष राग. "दिसतच न्हाई तर हात कुणाला हालवून राहिला हा?" असं म्हणून ते त्याला तिथंच थांबवून ठेवतात आणि चहा घेऊन येतात. हे सगळं ऐन मे महिन्यात चालतं. बाहेर गल्ली नळाच्या पाण्याची वाट बघत घागरी घेऊन उभी असते आणि आत आमचे साडू कूलरसमोर शाल पांघरून, कानटोपी घालून ध्रुवावर कुडकुडत असतात.

त्या खलाशांच्या जेवणाचे डबे शिशानं बंद केलेले होते आणि त्या शिशानंच त्यांना विषबाधा झाली, हे साडूंचं ठाम मत. आम्ही दिवाळीला नेलेला रसगुल्ल्यांचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी परत केला. आजकालच्या डब्यांना शिसं नसतं, असं मी म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं मेलेल्या माणसाकडे बघतात. जहाजं सोडून पायी निघालेल्या त्या लोकांनी होडीत चांदीचे चमचे भरून ती बर्फावरून ओढत नेली होती. त्यामुळे अक्काच्या पिशवीत एक साडी जादा दिसली की साडू नुसतं "चमचे" एवढंच म्हणतात आणि अक्का साडी काढून ठेवते.

पण त्यांना खरा संताप येई तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या बर्फात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांनी त्या खलाशांना पाहिलं होतं. जहाज कुठं बुडालं, माणसं कुठं पडली, सगळं त्यांना माहीत होतं आणि त्यांनी सांगितलंही होतं. विलायतेतल्या साहेबांनी त्यांना खोटं ठरवलं. पुढे जहाज सापडलं ते त्या लोकांनी सांगितलं होतं त्याच बाजूला. इथं आले की साडूंचा आवाज चढायचा. "जगभर चौकशी केली ओ त्यांनी. पण जो तिथं राहतो, त्याला इचारलं का?"

याच सुमारास मुक्तासाठी स्थळं पाहणं सुरू झालं. ती लातुरातच एका शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवते. उदगीरचे पाहुणे आले, तेव्हा साडूंनी खलाशांच्या उपासमारीचा विषय काढला. खलाशांनी आधी बुटांचं कातडं उकळून खाल्लं इथपर्यंत ठीक चाललं होतं. नंतर त्यांनी एकमेकांना कसं खाल्लं, हे साडूंनी शिऱ्याच्या बशा हातात असतानाच सांगितलं. पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या आणि कळवतो म्हणाले. चाकूरच्या पाहुण्यांनीही तेच म्हटलं.

मग मी बिलोलीचं स्थळ सुचवलं. मुलगा तिथल्याच कॉलेजात शिकवणारा. त्यानं बुटांपासून शेवटपर्यंत सगळं शांतपणे ऐकलं, शिरा संपवला आणि मग नम्रपणे म्हणाला, की काका, ती माणसं डब्यांतल्या शिशानंच मेली, हे आता सगळे अभ्यासक मानत नाहीत. साडूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाहुणे गेल्यावर रीतीप्रमाणे सगळ्यांचा सल्ला घेण्यात आला. चुलते, मामा, शेजारचे निवृत्त तलाठी, मी. सगळ्यांनी चांगलं म्हटलं. दुसऱ्या दिवशी साडूंनी मला फोन करून पत्रिका जुळत नाही असं कळवायला सांगितलं. पत्रिका कुणी उघडलीही नव्हती.

महिनाभरानं मी लातूरला गेलो तेव्हा दुपारी मालिका चालूच होती. पडद्यावर शोधपथकातला एक साहेब तिथल्या माणसांना काही न विचारता तसाच पुढे निघाला. साडूंनी त्याला थांबवलं आणि नेहमीचा सवाल केला. मुक्ता कोपऱ्यात बसून मुलांचे पेपर तपासत होती. तिनं मान वर केली नाही.

"अण्णा, बिलोलीचे लोक गेल्यावर तुम्ही कुणाकुणाला विचारलं?"

साडूंनी नावं सांगितली. तलाठ्यांचंसुद्धा.

"आणि जी इथं राहते, तिला?"

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. साडूंनी कानटोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला विचारावं तसं हळू विचारलं, "बोल की माय. तुझं काय म्हणणं हाय?"

"मला ते पसंत होते," मुक्ता म्हणाली आणि पुढचा पेपर उघडला.

साडूंनी मला गाडी काढायला लावली. चाकूर मागे पडलं, नांदेडही मागे पडलं, तरी हा माणूस ध्रुवाबद्दल अवाक्षर बोलला नाही. एकदाच खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शोधाची जहाजं बी लई उशिरा निघाली होती." मला त्यांची थट्टा करावीशी वाटली नाही, आणि हे माझ्या बाबतीत क्वचितच होतं.

बिलोलीला मुलाच्या वडिलांनी आम्हाला बसायला सांगितलं, पण चेहरा काही सैल सोडला नाही. दुसरीकडे बोलणी चालू असल्याचं त्यांनी स्पष्टच सांगितलं. आणि पत्रिका तर जुळत नव्हती ना, असंही विचारलं.

"पत्रिका बघितलीच न्हाई," साडू म्हणाले. "तुमचा मुलगा माझ्याहून जास्त वाचतो, ते मला जुळलं न्हाई. चूक माझी हाय."

मग वडिलांनी विचारलं, "अन् मुलीचं काय म्हणणं?"

"हाव म्हणती. ह्या खेपेला तिलाच इचारून आलो."

मुलगा आत होता. त्याला बोलावलं. तो हसला आणि परत आत गेला. थोड्या वेळानं बशा आल्या. बशांत रसगुल्ले होते. नुकताच फोडलेला डबा आतल्या ओट्यावर आम्हाला स्पष्ट दिसत होता. साडूंनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि सगळे खाल्ले. पाकसुद्धा प्यायले.

लग्न लातूरला झालं. मुक्ताची गाडी चाकूरच्या रस्त्याला लागली, वळली, दिसेनाशी झाली. वऱ्हाडातली उरलेली माणसं पंख्याखाली जाऊन बसली, मांडववाले खुर्च्या उचलायला लागले. साडू मात्र रस्त्याच्या कडेला उन्हात उभे होते आणि त्यांचा हात वरच होता. अक्का त्यांना बोलवायला निघाली होती, मी तिला थांबवलं.

आता मी लातूरला जातो तेव्हा घर फार शांत असतं. अक्का फोडणी आपल्या मनानं देते. परवा साडूंनी मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली होती. जहाजं बंदरातून निघाली, लहान होत होत गेली, आणि धक्क्यावरचा तो म्हातारा आला. रिमोट साडूंच्या हातात होता. मी वाट पाहिली, पण त्यांनी त्याला थांबवलं नाही. म्हातारा हात हालवत राहिला.

"हे बरोबर दाखवलंय," साडू म्हणाले.