देव ओरडला तेव्हा बटण माझ्याकडे होतं

देवाने काकूला ऑपरेशन नको म्हणून सांगितलं, आणि ते बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.

खाली चाळीच्या देवळातला स्पीकर पींऽऽऽ करून ओरडत होता. अंगठा उचलायचा हे मला सुचेचना. मांडीवर बाळ, कानाला खांद्याने धरलेला फोन, आणि फोनमध्ये आमचे हे खूश, "सोडू नको, सोडू नको, एक नंबर येतंय!"

थांबा, नीट सांगते. आमच्या ह्यांना वायरलेसचा नाद आहे. चोरून नाही हां, लायसन आहे. डिलाईल रोडच्या आमच्या एवढ्याशा खोलीत मशीन, आणि गच्चीवर तार. ह्या मशीनमधून आवाजाची म्हणे एकच बाजू पाठवतात, दुसरी कापून टाकतात. म्हणून साध्या स्पीकरवर आला तर बदक गुळण्या करतंय असं वाटतं. एकदा तसं एकाच्या टीव्हीत झालं, तेव्हाच चाळीचे अध्यक्ष बोललेले, "परत कंप्लेंट आली तर तार कापीन."

त्या दिवशी ह्यांना मशीन तपासायचं होतं, सरळ वागतंय का बघायला. ते कसं, तर दोन शिट्ट्या एकदम आत सोडायच्या. बाहेर पण दोनच यायला पाहिजेत. जास्त आल्या म्हणजे मशीन पदरचं घालतंय, बाजूवाल्याच्या जागेत पसरतंय. मी म्हटलं, "अहो, दोघांचे तीन झाले की लोक बारसं करतात, तुम्ही तपासणी काय करता?" हसले पण नाहीत.

हे समोरच्या चाळीत मित्राच्या खोलीत रिसीव्हर घेऊन बसले. फोनवर "दाब" म्हणाले की मी दाबायचं, शिट्ट्या एका डबीतून आपोआप वाजतात. लायसन ह्यांचं, माझं नाही, पण हवेत काही जाणारच नव्हतं ना. मशीनची वायर तेलाच्या डब्याला लावलेली. पत्र्याचा डबा, तेलात बुडवलेली एक कांडी, मशीनचा सगळा जोर ती कांडी गिळते आणि तापते. समोरच्या चाळीत जेमतेम ऐकू येईल इतकंच म्हणे झिरपतं. विषय संपला.

पण सकाळी बाजूची काकू आलेली, बाळाच्या मालिशला. माझी आई गावाला, इथे मला काकूच. तिचा हात लागला की बाळ गप. तर काकूने तो डबा उघडला, वास घेतला, "गो, ह्या खोबरेल खराब झाला काय?" आणि बोटं बुडवून बाळाकडे निघाली! मी किंचाळले, डबा ओढला, तिचे हात पुसले आणि डबा उचलून माळ्यावर ठेवला. त्यात वायर निघाली. दुपारी बघते तर मशीनच्या मागे एक भोक रिकामं आणि बाजूला एक वायर लोंबतेय. मी खोचली. ती गच्चीवरच्या तारेची होती. आणि देवळाच्या स्पीकरची वायर त्याच तारेला लागून खाली गेलेली.

काकूच्या पित्ताशयात खडे. दुखायला लागलं की अशी वाकते की बघवत नाही. परळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता थांबू नका. पण काकू घाबरलेली, म्हणाली आधी देवाला कौल लावणार. म्हणजे मूर्तीला दोन बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्या चाळीत खोली घ्यायची तरी कौल लावतात.

तर खाली गुरव माइकवर, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकीन पोटाचा ऑपरेशन करूचा काय नको, तां सांग म्हाराजा!"

सगळे, "व्हय म्हाराजा!"

इकडे फोनमध्ये हे, "दाब."

पींऽऽऽ.

गुरव म्हणाला, "देव कावलो! नको म्हणता!"

कशीतरी अंगठा सोडून मी गॅलरीत पळाले, बाळाला कडेवर घेऊन. "ओ, पाकळी कुठे पडलीय? परत विचारा!"

"तुका काय कळता गो?" गुरव वर बघून खेकसला.

पाकळ्या कशा पडणार, गुरवाने गंधच एवढं थापलेलं. काकू मात्र हॉस्पिटलची फाइल पिशवीत कोंबत होती, तोंडावर हसू. "सुटलंय गो बाय, देवानच सोडवल्यान." बोलता बोलताच पोट धरून खाली बसली.

गुरव जरा नरमला. "बरा, शेवटचा इचारतंय. म्हाराजा, करूचा असात तर परत तसोच आवाज काढ!"

मी आत धावले. फोनमध्ये ह्यांचा आवाज बदललेला. "अगं, एवढ्या जोरात कसं येतंय? डबा कुठाय? गच्चीची तार लागलीय वाटतं! दाबू नको, हवेत जातंय, लायसन जाईल माझं!"

खाली चिडीचूप. अध्यक्ष पण हात जोडून उभे. काकूचं कण्हणं तेवढं माइकमधून ऐकू येत होतं.

मी दाबलं.

"व्हय म्हाराजा!" अख्खी चाळ ओरडली. बाळ पण.

काकूचं ऑपरेशन झालं, टाके निघाले. तार पण आहे अजून जागेवर, अध्यक्षच येता-जाता तिच्याकडे बघून हात जोडतात, त्यांना कोणी काय सांगितलं देव जाणे. ह्यांनी मात्र मशीनला कुलूप घातलं. काकू परत मालिशला यायला लागली. काल बाळाला उलटं पालटं करताना मला म्हणते, "गो, देवान आधी नको म्हटल्यान, मगे व्हय म्हटल्यान, तां कशाक गो?" मी गरम पाणी बघायला मोरीत पळाले. ती अजून विचारतेय. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं तिला?