दर्शना आली की रेघ चढायची

भूतखेत, बाधा, करणी... यातलं मी कधीच काही मानलं नाही. आजही "मानते" असं म्हणवत नाही. मी मायक्रोबायोलॉजीवाली, जे मोजता येतं तेवढंच खरं धरणारी. पण हे तर मोजलेलंच आहे — म्हणून लिहितेय.

मी खांदा कॉलनीत राहते. पनवेलजवळच्या एमआयडीसीत आमची लॅब आहे. तिथे काचेच्या टाकीत बॅक्टेरिया वाढवून त्यांच्याकडून औषधासाठी लागणारं प्रोटीन बनवून घेतो. फार राबवलं की त्यांच्यावर ताण येतो आणि प्रोटीन बिघडतं. तो ताण वेळीच कळावा म्हणून त्यांच्यात एक जास्तीचं जनुक घातलंय... ताण आला की ते हिरवे चमकतात. सेन्सर ती चमक टिपतो आणि स्क्रीनवरची रेघ वर चढते.

मागच्या वर्षी दर्शना प्रोबेशनवर आली. उरणकडची, घरातली पहिली एमएस्सी. बोलकी, कामात चोख. पण ती टाकीपाशी उभी राहिली की रेघ चढायची! बाजूला झाली की हळूहळू उतरायची.

आधी आम्ही हसलो. मग सेन्सर बदलला. तिचा मोबाइल, परफ्यूम, सगळं बंद करून पाहिलं. तापमान, ऑक्सिजन जिथल्या तिथे. मी उभी राहिले — काही नाही. ती आली — रेघ वर.

शेवटी आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले, "दर्शना, सध्या त्या खोलीत जाऊ नकोस. बॅच जाईल."

कॅन्टीनमध्ये तिने डबा उघडलाच नाही. "ताई, मला आता पर्मनंट नाय करनार." घाबरली की तिच्या तोंडी गावची बोली यायची. "माज्यात काय वाईट हाय का? जंतूपन घाबरतात मला..."

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. आणि माझा डबा तिच्यापुढे सरकवला.

काही दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीआधी मी टाकीतून सॅम्पल काढत होते. दर्शना सकाळपासून दिसली नव्हती. वाटलं, रजा असेल. तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, बघा ना."

वळले तर दर्शनाच! पुढे येऊन तिने टाकीच्या काचेला हात लावला.

"अगं, सरांनी नको म्हटलंय ना? आणि कोट कुठाय तुझा?"

"राहिला... रेघ बघा आधी."

रेघ सपाट. मी बघत राहिले, जराही हलेना. तिचा चेहरा असा उजळला!

"आता नाय घाबरत ना मला?"

"नाही गं," मी हसले. "चल, सरांना सांगू."

सॅम्पल बर्फात ठेवून वळले, तर ती नव्हती. वाटलं पुढे गेली.

केबिनमध्ये सर फोन कानाला लावून उभे होते. त्यांनी तो माझ्या हातात दिला. पलीकडे दर्शनाचा भाऊ होता.

"मॅडम, ताई नाय रायली... सकाली कामावं येताना न्हावा शेवा रोडला ट्रेलरनं स्कूटर उडवली."

सकाळी!

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, मग स्क्रीनवर दुपारची रेघ दाखवली. "बघ, सपाट आहे. ती असती तर चढली असती ना? म्हणजे कुणी आलंच नव्हतं."

बरोबरच आहे त्यांचं. पण मी तर त्याच रेघेकडे बघून म्हणते की ती आली होती, फक्त जिवंत नव्हती...

ती हयात असताना रेघ का चढायची, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि त्या दुपारी "आता नाय घाबरत ना?" असं तिने विचारलं ते बॅक्टेरियांबद्दल होतं, की माझ्याबद्दल — हेही मला अजून कळलेलं नाही.