तक्रार नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या दोन मित्रांपाशी बाकीचं सगळं ओकून झालं आहे, त्यांनाही नाही. विसरलो होतो म्हणून सांगितलं नाही, असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. पण ती नाही.

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत मी गाड्यांतला जाणकार समजला जातो. रविवारी सकाळी कुणी ना कुणी येतं — जरा बघता का हो, बदलायची वेळ झाली का, की अजून दोन वर्षं काढील? मी बॉनेट उघडायला लावतो, धुराचा रंग बघतो, तेलाची काडी पुसून पुन्हा बुडवतो, चेहरा राजवैद्यासारखा करतो आणि निकाल देतो. लोक मान डोलावतात. घरी गेल्यावर मला स्वतःची चीड येते. गाडी कधी बदलावी हे सांगायला लोकांनी नेमकं मलाच गाठावं?

पंधरा वर्षं मी पिंपरी-आकुर्डी रस्त्यावरच्या एका कारखान्यात ट्रान्सपोर्ट ऑफिसर होतो. हुद्दा ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात एक टेबल, एक घंटी आणि चार मोटारी. त्या मोटारींची आमच्याकडे एक उतरंड होती. नवी गाडी मोठ्या साहेबांना. त्यांच्या अंगाखालची वर्क्स मॅनेजरला. त्यांच्या अंगाखालची ऑफिसच्या कामाला, म्हणजे व्यवहारात मला. थोरल्याचा सदरा धाकट्याला यावा तसं. आणि कुणालाच नको झालेली जी गाडी उरे, तिला अँब्युलन्स म्हणत.

मी सांगतोय त्या वेळची अँब्युलन्स म्हणजे एक लांबलचक विलायती स्टेशन वॅगन. कारखाना उभा राहताना परदेशी तज्ज्ञांसाठी घेतलेली. तज्ज्ञ मायदेशी गेले, मग तिनं पाहुणे वाहिले, मग फायली वाहिल्या. शेवटी मागची सीट काढून तिच्यात स्ट्रेचर टाकलं आणि दोन्ही अंगांना लाल क्रॉस रंगवला. कामगार तिला म्हातारी म्हणत.

म्हातारीचा ड्रायव्हर किसन वाघमारे. टाइम ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून तो वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा, अग्रलेखासकट, आणि मधेमधे स्वतःची टीका जोडायचा. "ह्या अग्रलेखाला हॉर्न लय मोठा हाय राव, इंजिनाचा पत्ता न्हाई," असं तो एकदा म्हणाला होता. मी पोट धरून हसलो होतो. कारखान्यात ज्याच्याशी पुस्तकांबद्दल बोलता येईल असा माणूस माझ्या दर्जाच्या लोकांत एकही नव्हता, किसन होता. माझ्याकडून पुस्तकं न्यायचा, कव्हर घालून परत आणायचा. हे मी का सांगतोय? कारण मी त्याला ओळखत नव्हतो, असंही मला म्हणता येत नाही.

आता रजिस्टर. दर शनिवारी ड्रायव्हर माझ्या टेबलाशी येऊन आपापल्या गाडीबद्दल सांगत आणि मी ते लिहून घेई. इंग्रजीत. कारण हेड ऑफिसातल्या ज्या गृहस्थांना ते वाचायचं होतं ते स्वतः सदाशिव पेठेतले होते आणि त्यांना मराठीत वाचणं कमीपणाचं वाटे. मी लिहायचं, ड्रायव्हरनं खाली मराठीत सही करायची. किसनची सही मोठी, वळणदार, आडनावासकट. वर काय लिहिलं आहे ते तो कधी विचारत नसे. त्यानं सांगितलेलं असे आणि मी लिहिलेलं असे — मग विचारायचं काय?

त्या वर्षी हेड ऑफिसनं एकच नवं वाहन मंजूर केलं. दावेदार दोन. एक मोठ्या साहेबांची गाडी. तिचा आजार एवढाच की रस्त्यापलीकडच्या कारखान्याच्या मालकानं नुकतीच नवी घेतली होती. दुसरी म्हातारी. मीटिंगमध्ये मोठे साहेब म्हणाले, मला वैयक्तिक काही नको, सहा महिन्यांनी रजिस्टर बघू आणि रजिस्टर सांगेल ते करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. काय तो निःपक्षपातीपणा! मीही मान डोलावली. असं बोलणारा माणूस रजिस्टर कोण लिहितो हे विसरलेला नसतो.

पण थांबा — त्यांच्यावर ढकलायचं नाही. मला त्यांनी काही सांगितलं नाही. डोळ्यानंही खुणावलं नाही. कुणीच काही सांगितलं नाही.

मला ती गाडी हवी होती. मोठ्या साहेबांना नवी मिळाली की त्यांची वर्क्स मॅनेजरला जाणार आणि वर्क्स मॅनेजरची, ती करड्या रंगाची, फारशी न वापरलेली, माझ्याकडे येणार. माझ्याकडची खडखडती अर्ध्या वाटेत धूर ओकून बंद पडायची आणि पोरं टाळ्या पिटायची. मी — साहेबांच्या हारतुऱ्यांची, त्यांच्या भाषणांची, गाडीचं दार उघडायला धावणाऱ्या शिपायाची कँटीनमध्ये नक्कल करून दाखवणारा मी! — मला संध्याकाळी करड्या गाडीतून घरी यायचं होतं आणि शेजाऱ्यांनी गॅलरीत यायला हवं होतं.

म्हणून मी लिहू लागलो. मोठ्या साहेबांच्या गाडीचं दार करकरलं, लिहिलं. काच अडली, लिहिलं. ब्रेक दाबताना आवाज, लिहिलं, दोनदा. आणि किसन दर शनिवारी समोर उभा राहून सांगे, सेल्फ उचलत न्हाई, चौघं धक्का मारायला लागत्यात. गरम झाली की पेट्रोल चढत न्हाई, पंपावर ओलं फडकं टाकून पाच मिनिटं थांबावं लागतं. "बरं चाललंय ते रिकामी हाय म्हणून. आत माणूस असला तर काय करायचं साहेब?" मी मान हलवत लिही: नो कम्प्लेंट. रजिस्टर फिरवून त्याच्यापुढे सरकवी. तो सही करी. एकदा नाही. दर शनिवारी, सहा महिने. लिहिताना एकदा तरी अडखळलो असेन असं तुम्हाला वाटतं? अक्षर आजही आठवतं, छान आहे.

दसऱ्याला नवी गाडी आली. यंत्रांच्या पूजेबरोबर तिचीही पूजा झाली, नारळ फुटला, मोठ्या साहेबांनी साधेपणाचं महत्त्व यावर पंधरा मिनिटं भाषण केलं. किसननं उरलेल्या झेंडूची माळ म्हातारीला घातली आणि मला म्हणाला, "औंदा न्हाई तर न्हाई. पुढच्या खेपेला लिहा जरा जोर लावून." मी "बघू" म्हणालो.

करडी गाडी माझ्याकडे आली. माझी खडखडती, तिच्यात स्ट्रेचर मावत नव्हतं म्हणून, भंगारात गेली. शेजारी गॅलरीत आले.

त्यानंतर महिनाभरात फाउंड्रीत साखळीच्या कप्पीवरून ओतीव लोखंडाचं धूड घसरलं आणि बाळू गव्हाणेच्या मांडीवर पडलं. चाकणकडच्या एका वाडीचा मुलगा, लग्न होऊन वर्ष झालेलं. दुपारची पाळी नुकती सुरू झाली होती. म्हातारी सुरू होईना. आठ-दहा जणांनी गेटपर्यंत धक्का मारला तेव्हा लागली. आणि कासारवाडीच्या पुढे बंद पडली. किसननं बॉनेट उघडलं, पंपावर पाणी ओतलं, अंगातला सदरा काढून भिजवून त्यावर टाकला. पुन्हा धक्का. लागली नाही. शेवटी एका ट्रकवाल्यानं बाळूला पुण्याच्या इस्पितळात पोचवलं. तोवर दीड तास गेला होता. नवी गाडी मोठ्या साहेबांना घेऊन मुंबईला गेली होती. माझी करडी? ती मी दुपारी घरी जेवायला नेली होती. परत आलो तेव्हा म्हातारीला ओढून आणलेलं होतं आणि गेटवर रिकामं स्ट्रेचर धुऊन उभं केलेलं होतं.

पाय मांडीपासून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर... सांगता येत नाही. त्या 'सांगता येत नाही'ला मी किती वर्षं चिकटून राहिलो! जणू डॉक्टरांनी मला सर्टिफिकेटच दिलं होतं. बाळूला नंतर गेटवर पास लिहायला बसवलं. मला रोज नमस्कार करायचा. मी रोज घेतला.

चौकशी झाली. तीन साहेब, हिरवं कापड घातलेलं टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास. जाकीट घातलेला पर्सोनेल ऑफिसर. किसनला बसायला सांगितलं नाही. रजिस्टर उघडून त्याच्यापुढे धरलं.

"ही सही तुमची?"

"व्हय, माझीच हाय."

"मग गाडी खराब होती तर सांगितलं का नाही?"

"सांगितलंय की! दर शनवारी सांगतोय. वर लिवलंय बघा."

ऑफिसरनं वाचलं: नो कम्प्लेंट. मग त्याला कळावं म्हणून सावकाश सांगितलं — तक्रार नाही. असं चोवीस वेळा लिहिलंय.

किसन हसला. खरंच हसला, त्याला वाटलं साहेब वाचायला चुकले. "न्हाई न्हाई, नीट बघा. आमच्या साहेबांनी लिवलंय त्ये." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सांगा की साहेब."

हे सांगायचं आहे. एवढ्यासाठीच हे सगळं.

इतकी वर्षं मी त्याला किसन म्हणत आलो होतो. त्या टेबलासमोर मी म्हणालो, "वाघमारेंनी माझ्याकडे कधीही तक्रार केलेली नाही." स्पष्ट आवाजात. रजिस्टरात खोटं लिहिलं ते निदान त्याला न कळणाऱ्या भाषेत होतं. हे मी मराठीत बोललो.

त्याचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि डोळे मात्र माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होते. तो ओरडला असता तर? माझ्या अंगावर धावून आला असता तर? मी त्या दिवशी त्याच्यावर चिडलो होतो, आहे ना गंमत — हा ओरडत का नाही? ऑफिसरनं आणखी काही आहे का म्हणून विचारलं. किसन म्हणाला, "न्हाई."

निष्काळजीपणाबद्दल त्याला कामावरून काढलं. आणि दोष ड्रायव्हरचा ठरला म्हणजे गाडी निर्दोष ठरली, हे ओघानंच आलं. शहाण्या माणसांची चौकशी होती ती! म्हणून म्हातारी आणखी दीड वर्ष अँब्युलन्स म्हणून चालली. बदलायचं कारणच नव्हतं. तीन साहेबांनी तसं सही करून दिलं होतं. मी पुढे करड्या गाडीतून सात वर्षं कामाला गेलो. तिनं मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही.

किसन निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली द्यायला आला. मी खाली मान घालून काहीतरी लिहीत असल्याचं दाखवत होतो. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. जाईल म्हणून मी वाट बघितली. गेला नाही.

"नव्या माणसाला सांगायला पायजे," तो म्हणाला. "चोक अर्धाच वढायचा, सगळा वढला तर बसती. पाण्याचा डबा रोज भरायचा, फडकं सीटखाली हाय. आणि माणूस आत असला तर गेटच्या बाहेर उतारावर काढून मगच क्लच सोडायचा. आत सोडला तर धक्के बसत्यात, दुखतं त्याला."

मी कागद घेतला आणि लिहून घेतलं. मराठीत, शब्दन् शब्द, त्यानं सांगितलं तसं. मग — सवय, दुसरं काय? — कागद फिरवून सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला. पेनसुद्धा पुढे केलं.

त्यानं कागदाकडे बघितलं. वाचला असावा, ओठ हलत होते. मग पेनाकडे बघितलं.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि गेला.