गेममधली पोरगी आणि आमची कारभारीण

नावं ठेवण्यात आमच्या कारभारणीचा हात धरणारं माणूस अख्ख्या गारखेड्यात नव्हतं, आणि हे मी तिचा नवरा म्हणून नाय, तिच्या तावडीत जन्म काढलेला माणूस म्हणून सांगतो. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा आम्ही दोघं ओट्यावर बसून हेच करत होतो. ती मोबाईलमधल्या गेमला नावं ठेवत होती आणि मी शेंगा फोडत होतो. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी पोरगी असले गेम बनवती. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून एक बनवला होता. त्यात एक एवढीशी मुलगी उन्हातून एकटीच चालत सुटती. आपण दगड सरकवायचे, पूल फिरवायचे, दारं उघडायची आणि तिला सुखरूप घरी न्यायचं. "मावशी, तुम्ही खेळून बघा आणि चुका सांगा," असं म्हणून तिनं आपला जुना मोबाईल हिच्या हातात दिला. चुका सांगा! आमच्या हिला!

पहिल्याच दिवशी हिनं सांगून टाकलं, "पोरगी ऐकत नाय तुझी." गेममधली मुलगी थांबत नसती, चालतच राहती, आणि ही तिला तोंडानं सांगायची, "अगं ए बाई, थांब की, पुढं खड्डा हाये!" तेवढ्यात दगड सरकवायचा राहून जायचा, मुलगी खड्ड्यात, आणि ही मोबाईल माझ्याकडं करून, "बघा, कुणावर गेली काय माहीत." मग डोक्याला रुमाल नाय म्हणून बोलणी. अशा उन्हात बोडक्या डोक्यानं कोण सोडतं लेकराला? वरच्या पोरीनं तिला रुमाल चढवला, तर ही म्हणली, रंग उठत नाय. एका ठिकाणी मुलीसोबतच्या बकरीला फरशीवर उभं करायचं, म्हणजे दार उघडं राहतं आणि मुलगी पुढं जाती. बकरी राहती मागं. ही तिथंच अडून बसली. बकरी सोबत न्यायचा उपायच नव्हता, पण दुपारच्या दुपारी हिनं त्यात घातल्या.

"मावशी, बकरी तिथं राहिली तरच दार उघडं राहतं."

"मग दार बदल."

"अहो, तेच तर कोडं आहे!"

"कोडं तुझं, बकरी तिच्या आईची. घरी गेल्यावर मार कोण खाणार?"

पोरीनं हात जोडले, पण दार काही बदललं नाय. तिचंही बरोबरच होतं. मी मात्र कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर छाती काढून सांगत सुटलो, आमच्या हिला विचारल्याबिगर कॉम्प्युटरवाले पुढं सरकत नायत.

खरी लढाई झाली ती गेमच्या शेवटाला. मुलगी घरापाशी आली, वाजंत्री वाजली, चांदण्या उधळल्या. हिनं मोबाईल खाली ठेवला. "पोचली नाय ही."

"मावशी, ते काय घर!"

"दारात कुणी हाये का? एवढ्या उन्हातून लेकरू आलं, कुणी पाणी दिलं? घर दिसलं म्हणजे पोचलं व्हय?"

पाण्याच्या बाबतीत ही पहिल्यापासून अशीच. मी चितेगावच्या कंपनीतून सायकलवर यायचो तेव्हा तोंड उघडायच्या आधी हातात तांब्या यायचा. दुष्काळात तर कहर. आजूबाजूला बिल्डिंगी उठत होत्या, नळ कोरडे, गल्लीत टँकर. लोक दुसऱ्याच्या घरी गेले की लाजंखातर म्हणायचे, "नको, आत्ताच पिऊन आलो." ही तांब्या पुढं करायची, "खोटं बोलायचं तर पाणी पिऊन बोला." तिनं टँकरवाल्यालासुद्धा सोडलं नाय. पाठीमागं अख्खा टँकर घेऊन आलेला तो गडी आमच्या ओट्यावर बसून आपणच आणलेलं पाणी पाव्हण्यासारखं प्यायला, आणि वर "मीठा है अम्मा" म्हणून गेला.

तर त्या शेवटच्या संध्याकाळी पोरगी खांद्याला बॅग अडकवून खाली आली. पुण्याला गेम दाखवायला निघाली होती. "मावशी, आता बघा." मुलगी घरापाशी आली, दार उघडलं आणि लुगडं नेसलेली एक बाई तांब्या घेऊन बाहेर आली. हिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "ही मी असंन तर लई जाड काढलीस. आणि लेकराला बस म्हणत नाय ती." मग म्हणली, "हां. पण पोचली." जन्मात तिनं कशाला पास केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पोरगी उड्या मारत रिक्षात बसली, आणि आम्ही टरफलं झाडून आत आलो.

त्याच रात्री आमची ही गेली. झोपेत, कशाला काही नाव न ठेवता. दिवसभरात सगळं उरकलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी दारात उभी. निरोप कळल्याबरोबर पुण्याहून मिळेल ती गाडी धरून आली होती. तोंड सुकलेलं, बॅग अजून खांद्यावर, आत यावं का नाय ते तिला कळंना. घरात माणसं बसलेली, पण कुणी हललं नाय. मी उठून आत गेलो. तांब्या कुठं असतो ते मला ठावं नव्हतं. माठामागं सापडला. भरून आणला तर माझी बहीण म्हणली, "दादा, सुतक हाये. आपल्या हातचं पाणी देत नसतात कुणाला."

"ती बाहेरून आलीय," मी म्हणलो.

पोरीनं मान हलवली. "नको काका, गाडीत प्यायले मी."

"खोटं बोलायचं तर पाणी पिऊन बोल."

तिनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि उंबऱ्यात उभ्यानंच तोंडाला लावला.

"बस," मी म्हणलो.