वन्संच्या पेजेतलं लोखंड

आमच्या सासरी कुणाचं रक्त कमी झालं की डॉक्टरच्या आधी चुलीकडे जायची पद्धत. लोखंडी उलथनं घ्यायचं, लाल होईपर्यंत तापवायचं आणि तसंच पेजेत बुडवायचं. चर्र आवाज येतो, वाफ नाकात जाते, पेजेला जरासा करडा रंग चढतो. मग ती गाळून प्यायला द्यायची. बाळंतिणीला द्यायची, तापातून उठलेल्याला द्यायची. माझ्या बाळंतपणात वन्संनी मला इथे बोरिवलीत गॅसवर उलथनं तापवून दिलेली आहे. चव कशी? खिडकीचे गज चाटल्यासारखी. पण मी प्यायले आणि उठून कामाला लागले, म्हणजे ती लागू पडली असं सगळ्यांनी धरलं.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. तेव्हा घाटकोपरला राहायची, नवरा गेल्यापासून एकटीच. आई लवकर गेली तेव्हा हे रांगत होते, आणि वन्सं स्वतः फ्रॉक घालण्याच्या वयाची. तिनेच ह्यांना कडेवर घेऊन वाढवलं. गावी लहानपणी ह्यांना हिवताप झाला होता, अंगात काही उरलं नव्हतं, तेव्हा हीच लोखंडाची पेज पाजून तिने ह्यांना उभं केलं. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकली की मलाच तो ताप आल्यासारखं वाटायचं. हे हसायचे. म्हणायचे, "तेव्हाचं लोखंड अजून अंगात आहे, म्हणून तर तुझ्यापुढे टिकलो."

ह्यांना बीपी होतं. गोळी चालू होती, म्हणजे डब्यात होती. डोकं दुखलं तर घ्यायची, नाहीतर नाही. मी रोज बोलायचे, मुलगा ओरडायचा. हे म्हणायचे, मला काही होतंय का, मग उगीच कशाला औषध? बरं वाटत असताना बीपीची गोळी घ्यायची असते, हे ह्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

एके सकाळी पोह्यांची बशी पुढे ठेवली. हे बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटवर बोलत होते, त्या बिल्डरला कसं वठणीवर आणायचं वगैरे. बोलता बोलता चमचा खाली पडला. उचलायला गेले तर उजवा हात उठेना. मला वाटलं मुंग्या आल्या असतील. मग ह्यांनी काहीतरी म्हटलं आणि ते शब्दच नव्हते, नुसता आवाज होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं.

हॉस्पिटलात फोटो काढला. डोक्यात डाव्या बाजूला रक्तस्राव. नस फुटली होती. ऑपरेशन नको म्हणाले, जागा खोल आहे. बीपी खाली आणायचं आणि वाट बघायची. सुरुवातीला आयसीयूत होते, मग वॉर्डात आणलं. नाकातून नळी घातलेली, कारण गिळताना ठसका लागत होता. पण हे शुद्धीवर होते, सांगते ना. मला ओळखत होते, डावा हात दाबायचे. मुलाने मोबाइलवर क्रिकेट लावलं तर त्याकडे बघायचे.

वन्सं घाटकोपरहून रोज बस बदलत यायची. ती पहिल्यांदा वॉर्डात आली तेव्हा ह्यांनी मान वळवली, बराच वेळ ओठ हलवले आणि म्हणाले, "जेवलंस?"

लहानपणापासून ह्यांचा बहिणीला हाच पहिला प्रश्न. जड जिभेने का होईना, तो बाहेर आला. वन्संनी पदर तोंडात धरला. मला तर वाटलं, संपलं संकट. आता काय, व्यायाम करून घ्यायचा, बोलायला शिकवायचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही मी तसंच सांगून टाकलं.

नळीतून काय द्यायचं ते तिथल्या सिस्टर सांगायच्या. पातळ, गाळलेलं काही घरून आणलं तरी चालेल म्हणाल्या. वन्संनी तांदळाची पेज आणायला सुरुवात केली. फ्लास्क उघडला आणि मला तो वास आला. तापल्या लोखंडाचा. मी तिच्याकडे बघितलं.

"रक्त गेला तर रक्त भरूक नको?" ती म्हणाली.

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्या घरातली रीतच ती. सिस्टरने विचारलं, पेजच ना, वन्सं म्हणाली, पेजच. ती खोटं बोलली नव्हती. पेजच होती.

आणि मग हे उतरायला लागले. आधी नुसती झोप झोप. हाक मारली की डोळे उघडायचे आणि परत मिटायचे. दुसऱ्या दिवशी हाकेलाही उघडेनात. हात दाबला तर उलट दाबणं बंद. मी सिस्टरकडे धावले, सिस्टर डॉक्टरकडे. पुन्हा फोटोला नेलं.

आमची डॉक्टरीण तरुण, मुलाच्या वयाची. तिने आम्हाला बाजूला बसवलं. मी, मुलगा आणि वन्सं. म्हणाली, नवीन रक्तस्राव झालेला नाही, पण साकळलेल्या रक्ताच्या गाठीभोवती सूज वाढली आहे. मुलगा चिडला होता. पहिल्या दिवशी शुद्धीवर असलेला माणूस इतक्या दिवसांनी, तुमच्या डोळ्यांसमोर कसा बिघडतो, म्हणाला. तिने मग नीट समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगते. नस फुटली तो पहिला घाव. पण सांडलेलं रक्त डोक्यात तिथेच साकळून राहतं. पुढच्या दिवसांत त्यातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, आणि त्यांच्यात जे लोह असतं ते सुटं होतं. रक्तात ते बांधलेलं असतं तोवर आपलं काम करतं, त्याच्यावरच आपण जगतो. मोकळं झालं की शेजारच्या चांगल्या पेशींना जाळत सुटतं. सूज येते, मेंदूचा आणखी भाग जातो. हा दुसरा घाव. तो सावकाश होतो.

मुलाने विचारलं, मग ते लोह काढून टाकता येत नाही? ती म्हणाली, लोह धरून ठेवणारं औषध आहे, ज्यांना सारखं रक्त चढवावं लागतं त्यांना देतात. ह्या आजारात ते देऊन बघणं चालू आहे, पण उपयोग होतोच असं अजून कुणी खात्रीने सांगू शकत नाही. मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते, त्यामुळे वन्सं कधी उठली ते कळलं नाही. वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. फ्लास्कही नव्हता.

त्यानंतर ती आलीच नाही. फोन केला तर पाय दुखतात म्हणाली. पुढे पुढे फोनही उचलेना. मला राग आला होता. इथे आम्ही पाळ्या लावून बसतोय, आणि जिने मांडीवर वाढवलं तिचे पाय आत्ताच दुखायला लागले? मुलगा म्हणाला, आत्याला बघवत नसेल, जाऊ दे.

ह्यांना घरी आणलं. नाकात नळी, लघवीला नळी. डोळे उघडे असायचे, पण बघत नव्हते. बोलणं गेलं ते गेलंच. दिवसाला एक बाई ठेवली होती. एका दुपारी तिच्यावर सोपवून मी घाटकोपरला गेले. भांडायलाच गेले होते, खरं सांगायचं तर.

वन्संनी दार उघडलं. निम्मी झाली होती. मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले आणि बघतच राहिले. लोखंडी कढई, दोन तवे, बिडाचं जड आप्पेपात्र, हे सगळं तिच्या सासूपासूनचं, भिंतीला टांगलेलं असायचं. भिंतीवर नुसते काळे डाग उरले होते. भंगारवाल्याला देऊन टाकलं म्हणाली. विळीसुद्धा. कांदा सुरीने कापत होती, तीही स्टीलची.

मी म्हटलं, "वन्सं, हे काय?"

ती खाली बसली. मग म्हणाली, "मियाच घातलंय तेच्या डोक्यात लोखंड."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी तिच्याशेजारी खाली बसले. एवढे दिवस ही बाई ते घेऊन एकटी बसली होती. मी सांगायला लागले, अहो, ते पेजेतलं नाही, त्यांच्याच रक्तातलं. ती ऐकेना.

"माका समजावू नको गो. त्या डॉक्टरणीनं लोखंड म्हटल्यान. मिया ह्या कानांनी आयकलंय."

मी काहीही सांगितलं तरी ती म्हणणार, हिला माझी कीव येते म्हणून बोलते. म्हणून मी तिला घेऊन डॉक्टरणीकडे गेले. तिची ओपीडी भरलेली होती. आमचा नंबर आला तेव्हा वन्संनी खुर्चीत बसून, शाळेत उभं केल्यासारखं, सगळं सांगितलं. उलथनं, पेज, नळी. आमच्या घरात कधी बोलत नाही तसं शुद्ध मराठीत. मला वाटलं डॉक्टरीण हसेल. ती हसली नाही. पेन खाली ठेवलं.

म्हणाली, आजी, दोन गोष्टी सांगते. पहिली, नळीतून न विचारता काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा. लोखंडाचं सिस्टरना सांगितलं नाहीत, हे चुकलंच. दुसरी, पेजेतल्या लोखंडाचा कणभर अंश पोटातून रक्तात जातो, तोही हळूहळू. तिथून तो मेंदूत शिरून असं नुकसान करत नाही. ह्यांच्या डोक्यात जे सुटलं ते नस फुटली त्या सकाळीच सांडलेल्या रक्तातलं. तुम्ही पहिली पेज केलीत त्याच्या आधीच ते तिथे होतं.

"मी दिलंच नसतं, तरी?" वन्संनी विचारलं.

"तरी हेच झालं असतं."

"म्हणजे ते त्याचंच," वन्सं म्हणाली. डॉक्टरीण हो म्हणाली.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं ती रडेल, मोकळी होईल. तसं काही झालं नाही. रिक्षात बसून ती म्हणाली, "म्हणजे माझ्या पेजेन काय झालाच नाय." मी म्हटलं नाही झालं. तेव्हा ती म्हणाली, "तेच्या लहानपणी पण नसतला झाला मग."

एक ओझं उतरवायला नेलं होतं मी तिला, आणि तिच्या जन्माची एकमेव मिळकत तिथेच काढून घेतली गेली.

ती घरी आली, ह्यांच्याजवळ बसली. ह्यांनी काही विचारलं नाही. तिनेच वाकून कानाशी सांगितलं, "जेवलंय रे." संध्याकाळी नळीतून पेज द्यायची वेळ झाली तेव्हा मी सिरिंज तिच्या हातात दिली. ती मागे सरली. मी म्हटलं, पेज मी केली आहे, स्टीलच्या पातेल्यात, डॉक्टरला विचारून, तुम्ही फक्त द्या. तरी ती दट्ट्या दाबेना, म्हणून मी खालून मनगट धरलं. दोघींनी मिळून दिली. त्यानंतर ती राहिलीच आमच्याकडे, ह्यांना छातीत कफ होऊन हे जाईपर्यंत, आणि अजूनही आहे. घाटकोपरची खोली बंद आहे.

डॉक्टरणीचं तिला पटलं आहे. कुणी विचारलं तर ती स्वतः सांगते, त्याचंच रक्त होतं, बीपीची गोळी घेत नव्हता. शेजारणींना दटावते, गोळ्या चुकवू नका. पण पान वाढलं की भाजीला हात लावायच्या आधी हळूच विचारते, "कशात केलंस?" मी म्हणते, स्टीलच्या कढईत. आणि ते खरंच असतं. माझी लोखंडी कढई मी माळ्यावर टाकली आहे. भंगारात द्यायला जीव होत नाही. गंज चढू नये म्हणून मधूनमधून उतरवते, तेलाचा हात फिरवते, आणि वन्सं देवळातून परत यायच्या आत पुन्हा वर ठेवते.